चार मिलिमीटरचा गंधार

"तुझा गंधार चढा लागतोय रे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. बेळगावच्या कॅम्पातल्या सरांकडून आठवड्यापुरती मागून आणलेली गिटार मांडीवर होती. तिसऱ्या तारेवर सा रे ग म वाजवून दाखवलं की आई खूश होईल, असं मला वाटत होतं. त्यातला ग म्हणजे गंधार. मी तारा पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या. बोटही फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, मागे नीट होतं. पुन्हा वाजवलं. आईचं लाटणं थांबलं. ऐकून म्हणाली, "अजून तसाच. जरा खाली घे की." गिटारवर तो खाली घेता येत नव्हता. सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो, सरकवता येतो. गिटारची फ्रेट लाकडात ठोकलेली असते.

चढा म्हणजे किती चढा, हे कळायला मला बारा वर्षं लागली, आणि त्यावर काय करायचं हे उमगायला आणखी वीस. गेल्या वर्षी मी दोन लाखांच्या वर पैसे मोजून एक इलेक्ट्रिक गिटार घेतली. उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. शेजारच्या शेडमधल्या मित्रांनी विचारलं, एवढी महागाची कशाला, आणि काय बघून घेतलीस? तेव्हा काहीतरी थोडक्यात सांगितलं. खरं उत्तर लांब आहे, आणि ते आईच्या तंबोऱ्यापासून सुरू होतं.

आईचा तंबोरा मिरजेचा. तो आणायला गेलो तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बेळगाव-मिरज लाइन तेव्हा मीटरगेज होती. घटप्रभा, कुडची, मग कृष्णेचा पूल, आणि पुलावर गाडी आली की आई हात जोडायची. मिरजेत तंतुवाद्यांचं काम करणारी घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे ते हात वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा मी ती आईला मोठ्यानं वाचून दाखवली.

त्या दुकानात आईपुढे पाच तंबोरे ठेवले होते. एकावर फार सुंदर नक्षी होती, आणि बाबांचं मन त्याच्यावर बसलं होतं. आईनं नक्षीकडे पाहिलंही नाही. प्रत्येक तंबोरा मांडीवर घेऊन ती डोळे मिटून छेडायची. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा, म्हणजे जीव, केसभर पुढंमागं सरकवायचा. आई मान हलवायची, नाही. तो घोडीचा माथा किंचित घासायचा. पुन्हा छेडणं, पुन्हा नाही. मला भूक लागली होती आणि हे काय चाललंय ते कळत नव्हतं. दोनेक तासांनी एका साध्या, बिननक्षीच्या तंबोऱ्यावर तिचा हात थांबला. तिनं मला जवळ ओढलं, माझा कान भोपळ्याला लावला आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडली. "सा ऐकू नको," ती म्हणाली, "त्याच्या आत गंधार येतोय तो ऐक."

मला तो त्या दिवशी ऐकू आला. खर्जाची तार घुमत असते आणि थोड्या वेळानं त्या घुमण्यातूनच, कुणीही न लावलेला, एक बारीक गंधार वर तरंगतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार कंप पावते तेव्हा ती अख्खी तर हलतेच, पण त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही हलत असते. पाच भागांतल्या त्या हलण्याचा स्वर म्हणजे हा गंधार, मूळ षड्जाच्या, म्हणजे सा च्या, दोन सप्तकं वर. जवारी, म्हणजे घोडी आणि जीव जुळले की येणारी तारेची झणकार, नीट निघालेली असेल तरच तो स्पष्ट येतो. आईची तंबोऱ्याची परीक्षा तेवढीच होती. आपल्या शेजारच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे लावण्याच्या बाबतीत किती काटेकोर होते, याच्या आठवणी गाण्यातली माणसं अजून सांगतात. त्या काटेकोरपणाचा अर्थ मला मोठेपणी कळला. तंबोऱ्यात गंधार स्वतःहून येत असेल तर गाणाऱ्याला तो शोधावा लागत नाही, तो फक्त त्यात मिसळतो.

असा गंधार ऐकून ज्या बाईचा कान तयार झाला, तिला गिटारचा गंधार खटकणारच.

२००४ साली मी दोन जुनी लेथ मशीनं घेऊन स्वतःचं शॉप सुरू केलं. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, आम्ही मशीनिंग करून हायड्रॉलिक्सवाल्यांना द्यायचो. एका रात्री लाइट गेली. मेणबत्तीपाशी बसून जॉबकार्डाच्या पाठीवर मी गिटारच्या फ्रेटांचं गणित मांडलं. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, म्हणजे प्रत्येक फ्रेटला तारेची उरलेली लांबी १.०५९४६ ने भागत जायची. बाराव्या फ्रेटला लांबी बरोबर निम्मी होते. जुने कारागीर दर वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा हिस्सा सोडून काम भागवायचे. नेमका आकडा १७.८१७. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या गिटारला नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तार टेकते त्या दोन टोकांमध्ये, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर तार असते. गंधारासाठी ती चौथ्या फ्रेटवर दाबली की ५१४.३ मिलिमीटर उरते. तंबोऱ्यातल्या शुद्ध गंधाराला मात्र तारेचे चार पंचमांश लागतात, म्हणजे ५१८.४.

फरक चार मिलिमीटरचा.

मी आकडा तीनदा पडताळला. आमच्याकडे बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, दोन शतांश मिलिमीटरनं मोठा झाला तर जॉब परत येतो. आणि इथं चार अख्खे मिलिमीटर! आईनं लाटणं हातात असताना, स्वयंपाकघरातून, ते पकडलं होतं.

ही चूक कारखान्याची नाही. बाराही स्वरांना षड्ज करता यावं, कुठल्याही पट्टीत वाजवता यावं, म्हणून पाश्चात्त्य वाद्यांनी केलेली ती तडजोड आहे. पेटीतही तीच आहे, आणि पेटीवरचे आपल्याकडचे बरेचसे जुने वाद तिथूनच आले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून स्वरांची मोजणी केली आणि १९१० साली २२ श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवरचं, आपलं पुस्तक काढलं. शंभरावर वर्षांपूर्वी, आपल्या जवळच, एक माणूस तार मोजत बसला होता आणि समोर खाँसाहेब गात होते. हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

गणित कळल्यावर वाट दिसली. फ्रेटवरून खाली येता येत नाही, पण खालून वर जाता येतं. ऋषभाच्या, म्हणजे रे च्या, फ्रेटवर तार दाबायची आणि बोटानं आडवी ओढत गंधारापर्यंत न्यायची. चौथ्या फ्रेटच्या स्वराच्या किंचित अलीकडे थांबायचं. सतारीवर मींड काढतात तशीच ही. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर हे दोन-तीनदा केलं की बोटं सोलतात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक असतात, फ्रेटच्या अगदी जवळ बसवता येतात, आणि आवाज पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक आणि तारेची कॉइल, उचलतं, त्यामुळे जोरानं छेडावं लागत नाही. ऑर्केस्ट्रात यात्रांमधून वाजवताना मला इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मोठा आवाज एवढंच माहीत होतं. ती मींडेचं वाद्य आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट सापडली. तार नटपासून एक पंचमांशावर, म्हणजे १२९.६ मिलिमीटरवर, न दाबता बोटानं नुसती शिवली आणि छेडली, की बाकी सगळं गप्प होतं आणि पाच भागांतलं हलणं तेवढं उरतं. स्वयंभू गंधार! ती जागा कुठे आहे? चौथ्या फ्रेटच्या बरोबर चार मिलिमीटर अलीकडे. जो गंधार दाबून मिळत नव्हता तो तिथंच तारेत बसलेला होता. माझ्या जुन्या स्वस्त गिटारवर तो जेमतेम कुजबुजायचा आणि विझायचा. नेक, म्हणजे दांडी, वाकडी, फ्रेटा उंचसखल, तार ओढली की अर्ध्यात घुसमटायची. त्या गिटारनं वीस वर्षं साथ दिली, तिला मी वाईट म्हणणार नाही. पण मला काय हवंय ते आता नेमकं माहीत झालं होतं.

पैशाचं बोलायला हवं. दोन लाखांत शॉपसाठी सेकंडहँड मिलिंग मशीन आलं असतं. महिनाभर मी बायकोला बोललोच नाही. शेवटी भिशी लागली तेव्हा तिनंच विषय काढला. "सतरा वर्षं भिशीचे पैसे मशीनमध्ये घालालाय. एकदा तुमच्यासाठी घ्या की." मग थांबून म्हणाली, "पण अहो, फोटो बघून मागवू नका. जाऊन हात लावून बघा." ती शहापूरची. तिच्या माहेरी हातमाग होता. साडीचा पोत बोटांनी बघितल्याशिवाय ती किंमतही विचारत नाही.

आधी पुण्याला गेलो. मनात गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार होती. कॉलेजात असताना एका मासिकातलं तिचं चित्र कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. दुकानात ती काचेआड होती. घेणार असाल तरच काढतो, असं विक्रेता म्हणाला. बऱ्याच विनवणीनं पंधरा मिनिटं मिळाली. आवाज भरदार, उबदार. त्या गिटारवर हंबकर नावाचं पिकअप असतं. १९५५ साली गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी ते बनवलं. दोन कॉइल्स उलटसुलट जोडल्या की विजेची घरघर एकमेकींत मरते, इतकी साधी आणि देखणी युक्ती. पण वजन चार किलोंच्या वर. माझी पाठ लेथपुढे तीस वर्षं उभी राहून गेलेली, दहा मिनिटांत खांदा उतरला. आणि मी शिवून काढलेला गंधार आला खरा, पण गोल होऊन आला, त्याची किनार बोथट वाटली. ते चित्र इतकी वर्षं जपलं होतं, त्यामुळे रिकाम्या हातानं सातारा, कोल्हापूर, निपाणी करत परत येताना वाईट वाटलं. त्या रात्री झोप लागली नाही.

बंगळुरूला गेलो तो चार महिन्यांनी. पोचल्यावर आधी दुकानातल्या मुलाला सांगितलं, मला दोन तास लागतील आणि पहिला तास अॅम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, जोडायची नाही. तो हसला नाही. खुर्ची आणून दिली.

पिशवीत माझं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, आणि सहा इंची स्टीलपट्टी होती. फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर मागितली. १९५४ सालचं हे डिझाइन. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. पण प्रत्येक भाग वेगळा बनावा, वेगळा बदलता यावा, असा विचार त्यानं केला. नेक चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी बसवलेली आहे. वर्कशॉपमधल्या माणसाला हे बघून आनंद होतो. खराब झालं तर उघडता येईल, समजून घेता येईल, अशी वस्तू.

पहिली हातात घेतली ती जुन्या घडणीची, फिंगरबोर्डाची, म्हणजे नेकवर फ्रेटा बसवलेल्या फळीची, गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची. मूठ सुरेख बसली. पण वरच्या फ्रेटांवर तार ओढली की पुढच्या फ्रेटला घासून आवाज तुटायचा. बोर्ड जितका गोल तितकं हे लवकर होतं. दुसरी साडेनऊ इंची. पहिली फ्रेट आणि शेवटची फ्रेट एकदम दाबून आठव्या फ्रेटवर गेज घातलं. पाव मिलिमीटर, बरोबर हवं तेवढं. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची पट्टीनं मोजली, दीड मिलिमीटरच्या जरा वर. कागदावर सगळं ठीक. ओढली, घुसमटली नाही. मग प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक करून छेडली आणि विझेपर्यंत ऐकली. तिसऱ्या तारेला सातव्या फ्रेटवर आवाज दोन सेकंदांत मेला. फेंडरच्या नेकवर त्या भागात असं पुष्कळदा होतं. नेक स्वतःच त्या स्वराला थरथरते आणि तारेची ताकद पिऊन टाकते. मापात काही चूक नसते, त्यामुळे गेजनं ते सापडत नाही.

त्याच मॉडेलची, त्याच किमतीची दुसरी आहे का, विचारलं. होती. रंग मला न आवडणारा, फिका पिवळसर. सातव्या फ्रेटवर ती गात राहिली. मग मी तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या चार मिलिमीटर अलीकडे बोट टेकवलं आणि छेडलं. न जोडलेल्या गिटारचा तो बारीक आवाज. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मी कान गिटारच्या वरच्या शिंगाला लावला. गंधार आला, आणि राहिला. मनात मोजलं, नऊपर्यंत मोजलं. मिरजेच्या दुकानातला भोपळ्याचा थंड स्पर्श मला गालावर आठवला.

मुलगा म्हणाला, "सर, अॅम्पला लावून बघायचं नाही?" लावून बघितलं. पण निर्णय झालेला होता.

परतीला राणी चन्नम्मा एक्सप्रेस. केस बर्थवर भिंतीकडे ठेवून मी कडेला आडवा झालो. सकाळी लोंढ्यानंतर खिडकीतून हिरवं रान सुरू झालं, तेव्हा केस उघडून फिंगरबोर्डावर बोट फिरवलं. तो शिसवीचा आहे. शिसव सह्याद्रीतलं झाड, आमच्या खानापूरच्या रानातही आहे. आजीचा पलंग शिसवीचा होता, तिचे उन्हाळे त्याच्या गारव्यावर गेले. साठच्या दशकात ब्राझीलची शिसव मिळेनाशी होत गेली तशी गिटारवाल्यांनी भारतीय शिसव घेतली, आणि अजून घेतात. २०१७ साली या जातीच्या सगळ्या झाडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कागदपत्रांचं बंधन आलं, मग २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. बंधन आलं ते मला योग्यच वाटतं. झाड वाढायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. माझ्या हातातला तुकडा कुठल्या रानातला ते सांगता येणार नाही, पण खानापूर स्टेशन येईपर्यंत मी तो हात काढला नाही.

शॉपमध्ये दुसऱ्या दिवशी तारा बदलल्या, उंची माझ्या हातासारखी केली. आमच्याकडे गोकाकचा एक मुलगा लेथवर आहे, कधी फारसं बोलत नाही. मशीनं बंद झाल्यावर त्यानं पाच मिनिटं उभं राहून ऐकलं. "भाळ चलो ऐतरी मालक," म्हणजे फार छान आहे, एवढं म्हणाला आणि डबा उचलून गेला. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा नेक थोडी हलली, अपेक्षितच होतं. बेळगावचा पाऊस लाकडाला सोडत नाही. नेकच्या आतल्या ट्रस रॉडला, म्हणजे तिला सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळीला, पाव फेरा देऊन ती जागेवर आणली. आता केसमध्ये आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ ठेवलंय. काटा पन्नाशीच्या आसपास असला की माझा जीव भांड्यात पडतो.

आईला ऐकवायचं मी लांबणीवर टाकत होतो. ती एकोणऐंशीची आहे. एका कानानं कमी ऐकू येतं. गाण्याचा आवाज गेल्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तंबोरा गवसणीत, कोपऱ्यात. एका रविवारी दुपारी तिच्या खोलीत अॅम्प नेऊन लावला. स्विच दाबला आणि काही वाजवायच्या आधीच ती म्हणाली, "हा सा कुणी धरलाय? चढा आहे."

क्षणभर मला कळेना. मग लक्षात आलं. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचं, पिकअप विजेची घरघर उचलतं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, आणि आईचा सा पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी. खर्जाच्याही खालच्या सप्तकातली पांढरी पाच येते एकोणपन्नास हर्ट्झला. म्हणजे घरातल्या विजेचा सूर आईच्या षड्जापेक्षा जरासा चढा होता, आणि एका कानानं तो तिनं ओळखला होता. मी पिकअपचा स्विच एक घर सरकवला. त्या जागेवर दोन पिकअप्स एकमेकांची घरघर मारतात. खोली शांत झाली.

आधी मोकळी तिसरी तार. पांढरी पाच. आईनं मान डोलावली. मग ऋषभावरून ओढत गंधार. तिनं हाताच्या तळव्यानं खूण केली, अजून खाली. थोडा सोडला. अजून. तिथं हात थांबला. "हां, आता आहे तिथं." मग मी न बोलता चौथ्या फ्रेटच्या अलीकडे बोट टेकवून तार छेडली.

ती काही बोलली नाही. गंधार विरत गेला. "पुन्हा," म्हणाली. सात-आठ वेळा मी तो वाजवला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. नंतर तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"त्याची खर्जाची तार तुटलीय. मिरजेला जाऊन ये. पितळी आण, आणि दोन आण."